चूल काय म्हणती?

निवृत्ती काकडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात घण होता आणि माझे वडील त्या घणाखाली मांडी घालून बसले होते.

आमचं दुकान तांब्या-पितळेच्या भांड्यांचं, नाशिकच्या जुन्या गावात, मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात. दुकानाची काळ्या दगडाची पायरी रस्त्यात हातभर पुढे आलेली होती. रस्त्याच्या रेषेत येईल ते सगळं काढायचं असं वर कुठेतरी ठरलं होतं आणि अतिक्रमणवाल्यांचं पथक ते काढायला आलं होतं. वडील पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या अंगावरून फोड." असं म्हटल्यावर समोरचा माणूस वरमतो, हा त्यांचा अनुभव. निवृत्ती वरमला नाही. त्याने घण खाली ठेवला, वडिलांना काखांत हात घालून उचललं, आत गल्ल्यामागे नेऊन बसवलं आणि दुकानभर नजर फिरवून विचारलं, "चूल हाय का इथं कुठं?"

"भांड्यांच्या दुकानात चूल कशाला असेल?" वडील म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून तो बाहेर गेला आणि एका घावात त्याने पायरी उभी चिरली.

माझं डोकं फिरलं. हाताला आली ती पितळेची परात घेऊन मी धावलो आणि त्याच्या पाठीत घातली. परातीला पोचा पडला, पाठीला काही झालं नाही. तो सावकाश वळला आणि माझ्या कानाखाली अशी काही ओढली की मी गटारीच्या कडेला जाऊन बसलो. मग त्याने उरलेली पायरी फोडली, तुकडे स्वतः उचलून गाडीत टाकले आणि जाताना मला म्हणाला, "शेठ, परात भारी हाय. जाड पत्रा. जपून ठेवा." त्या माणसाचा मी इतका द्वेष केला की पुढे त्याच्यावर जीव जडला तेव्हा तो द्वेष कुठे नेऊन ठेवावा हे मला कळेना.

त्याला सगळे अण्णा म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो आणि तोंडावर अहो-जाहोही करू लागलो. पण लिहिताना 'ते' काही हातून उतरत नाही. आपल्या दाराची पायरी फोडणाऱ्याला 'ते' कुठवर म्हणायचं.

तालमीतला माणूस. दोन्ही कान चुरगळलेले, मान खांद्यांत गेलेली, आवाज मात्र बारीक. तो शिवी द्यायचा तेव्हा ती एवढ्या मोठ्या देहातून आली यावर विश्वास बसत नसे. त्याच्या घणाचा दांडा बाभळीचा. लाकूड फुगून घणाला घट्ट बसावं म्हणून तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेला असायचा. जीपमध्ये पुढच्या सीटवर साहेब, मागे पोलीस, आणि अण्णाच्या मांडीवर ते ओलं गोणपाट. पॅन्ट कायम भिजलेली. मागून जेसीबी येत असे, पण जेसीबीने पहिला घाव घालायचा नाही, हा त्याचा हट्ट. एकदा मी कारण विचारलं.

"मशीनला तोंड नसतं, शेठ," तो म्हणाला. "लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या? थुंकायचं कुणावर? मी असलो म्हणजे बरं पडतं."

आणि लोक थुंकत. दगड मारत, चपला मारत. भाजीबाजारात एका नारळवाल्याने त्याच्या दंडावर कोयता चालवला तेव्हा मी पलीकडे कोथिंबीर घेत होतो. मांस उघडं पडलं. अण्णाने कोयता हिसकावून घेतला, दगडावर ठेवला आणि घणाने त्याचं पातं दुमडून टाकलं. मग त्या नारळवाल्याला नाकातून रक्त येईपर्यंत मारलं, गाडीचा चुराडा केला, आणि मग त्याच्याशेजारीच खाली बसून राहिला, दोघेही रक्ताने माखलेले. पोलिसांनी विचारलं, तक्रार लिहायची का. अण्णा म्हणाला, "कसली तक्रार? मी त्याची गाडी मोडली, त्यानं मला मोडलं." मला तेव्हा त्यात काही थोर वाटलं नाही, आजही वाटत नाही. रक्त फार होतं आणि बाया किंचाळत होत्या.

पण एक गोष्ट तो कधी चुकला नाही. टपरी असो, खोली असो, हॉटेल असो, दारात उभं राहून तो आधी हाक घालायचा, "चूल काय म्हणती?"

आत चूल पेटलेली असेल, मग ती लाकडाची असो की गॅसची, तर तो घण खाली ठेवायचा आणि दाराबाहेर उकिडवा बसायचा. साहेब घड्याळ बघत, जेसीबीवाला इंजिन बंद करी, पोलीस तंबाखू मळत. चुलीवरचं शिजून खाली उतरेपर्यंत एक वीट हलत नसे. शिजलं, चूल विझली, भांडी बाहेर आली की तो उठायचा आणि मग मात्र कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. वरच्या साहेबांनाही हे सोयीचं पडलं असावं, कारण ज्या घरात जेवण होऊन जातं तिथले लोक कमी दगड मारतात.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पथकाची गाडी वळणावर दिसली की गल्लीभर चुली पेटायच्या. भर दुपारी, जेवणं झाल्यावर, बाया नुसतं आधण ठेवायच्या. आमच्या चौकातल्या मिसळवाल्याने तर कमाल केली. त्याचं हॉटेल अर्धं रस्त्यावर. पथक आलं तेव्हा रश्शाचं मोठं पातेलं रटरटत होतं. अण्णा बाहेर बसला. मिसळवाल्याने गिऱ्हाइकांना मिसळ वाढावी आणि पातेल्यात तांब्याभर पाणी ओतावं, पुन्हा वाढावी, पुन्हा ओतावं. सगळा चौक हसत होता. आम्ही व्यापारी मुद्दाम जाऊन मिसळ मागवत होतो. तर्री पांढरी पडत चालली तरी खात होतो. अण्णाने बराच वेळ बघितलं. मग तो उठला, आत गेला आणि ते उकळतं पातेलं त्याने नुसत्या हातांनी कडेला धरून उचललं, चालत रस्त्यावर आणलं आणि अलगद खाली ठेवलं. तळव्यांची सालटी पातेल्याला चिकटून राहिली. परत आत जाऊन बर्नर बंद केला.

"शिजवायला चूल चालंल तितकी चालू दे," तो त्या मिसळवाल्याला म्हणाला. "मला येडा करायला चूल पेटवायची नाय." मग त्याच हातांनी त्याने घण उचलला आणि हॉटेलाचा पुढचा भाग भुईसपाट केला. दांड्यावर रक्ताचे ठसे उमटत होते. त्यानंतर आमच्या हसण्यात काही दम राहिला नाही.

आमची ओळख वाढली ती एका हंड्यामुळे. वडिलांनी पायरीचा राग सोडला नव्हता, तरी एके दिवशी अण्णा दुकानात आला आणि त्याने गोणपाटातून पितळेचा एक हंडा काढून समोर ठेवला. एका अंगाने पार चेपलेला.

"पोचा काढून मिळंल का?"

वडिलांनी भांडं हातात घेतलं की त्यांना माणूस दिसत नसे. हंडा फिरवून बघत म्हणाले, "हा पडून चेपलेला नाही. यावर काहीतरी कोसळलं आहे."

"भिंत," अण्णा म्हणाला.

वडील ठोकत होते आणि अण्णा सांगत होता. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा मळा. कोबी, फ्लॉवर, बांधावर शेवंती. शहर तिकडे सरकत आलं, मळ्यातून मोठा रस्ता आखला गेला. मोबदला मिळाला, घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ते सगळं रीतसर झालं. पण घर पाडायला आले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. एक भाकरी तव्यावर होती, एका बाजूने भाजलेली.

"मी इतकंच म्हणलो, तेवढी उलटू द्या," अण्णा हसत सांगत होता. हसण्यासारखं काही नसलं की तो हसायचा. "नाय उलटू दिली. भिंत आली खाली. हंडा चेपला, आईचा हात भाजला. तवा मात्र जागच्या जागी. मातीत बसून आईनं ती भाकरी उचलली, झटकली अन् मला दिली. म्हणली, एका बाजूनं भाजली हाय, खा."

"आणि तुम्ही याच खात्यात नोकरी घेतलीत?" मी विचारलं. मला खोचकपणा करायचाच होता.

"मागून घेतली, शेठ." त्याने बोट वर केलं, छताकडे. "हे गाव वर गेलं पाहिजे. इथं, मधी. चार मजले, आठ मजले, बारा मजले जाऊ द्या. तुम्ही इथं पायऱ्या अन् टपऱ्या पसरून आडवे बसता, रस्ता अडतो, वर चढायला जागा मिळत नाय, मग गाव कुठं जातं? आमच्या शिवारात जातं. कोबीत येऊन बसतं. तुमची एक पायरी फोडली की माझ्यासारख्या कुणाचा तरी एक वाफा वाचतो."

ही त्याची श्रद्धा होती. घण मारताना तो चेकाळल्यासारखा का दिसायचा ते मला त्या दिवशी समजलं. गावातल्या कुठल्याही फळीत, शेडमध्ये, ओट्यात त्याला आपल्या मळ्यावर आलेला रस्ता दिसत असे, आणि तो मारत सुटे.

हंडा नीट झाल्यावर त्याने हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "लय सरळ केला, बापू. थोडा चेपलेला ठेवायला पाहिजे व्हता." वडिलांनी एक हलका ठोका उलटा मारून दिला. त्यानंतर दोघांचं जमलं.

पुढे सिंहस्थ जवळ यायला लागला तशी रस्ते मोकळे करायची घाई सुरू झाली. त्यातच जुन्या गावासाठी नवं धोरण आलं. मोडकळीस आलेल्या इमारती पाडून उंच बांधायला सवलत, जागा रस्त्याला सोडली तर वर जादा मजले. एका हॉलमध्ये आम्हा व्यापाऱ्यांना बोलावून पडद्यावर चित्रं दाखवली. शहर आडवं पसरलं की पाणी, गटारी, बस सगळं लांबवर ओढत न्यावं लागतं, त्यापेक्षा मध्यभागी दाटी वाढवली तर बाजाराला बरकत येते, असं साहेब सांगत होते. बोलणं खोटं नव्हतं. फक्त मध्यभागी दाटी नव्हती असं मानून ते बोलत होते. आमच्या दुकानामागच्याच दुमजली इमारतीत माणसं इतकी खच्चून भरली होती की एकजण कामावर गेल्याशिवाय दुसऱ्याला पाठ टेकायला जागा मिळत नसेल. सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, द्वारका चौकात ट्रकवर माल चढवणारे, हरसूल-पेठच्या पाड्यांवरून आलेले. ही दाटी चित्रात नव्हती, कारण ती भाडं कमी द्यायची. आमच्यातला एकजण हे बोलायला उठला तर मागे उभा असलेला अण्णाच ओरडला, "बस खाली. गाव वर जाऊ दे."

ती दुमजली इमारत पाडायचं ठरलं. मालकाने बिल्डरशी करार केला, भाडेकरूंना गावाबाहेर लांब खोल्या मिळायच्या होत्या, त्या अजून पुऱ्या झाल्या नव्हत्या. नोटिसा लागल्या. काही उठून गेले, बाकीचे राहिले. राहिलेल्यांत यमुनाबाई होती.

यमुनाबाई हरसूलकडची. नवरा तुळशीराम द्वारकेला हमाल. ती खालच्या मजल्यावर, पलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या अंगाला असलेल्या खोलीत डबे करायची. सातपूरच्या कामगारांना तिच्या भाकरीची सवय झालेली. पहाटेपासून दुपारपर्यंत तिच्या दोन्ही शेगड्या चालू. बोलायची कमी, पण अण्णाला घाबरायची नाही. पाडायच्या आदल्या दिवशी तो पाहणीला आला तेव्हा तिने त्याला दारातच गाठलं. मी इमारतीच्या दरवाजाशी उभा राहून ऐकत होतो.

"डबं तरी जाऊ देशील का नाय? उद्या नाय गेलं तर गिऱ्हाईक तुटंल. जिथं जाऊ तिथनं परत जोडायला किती दिस लागतील, ठाव हाय तुला?"

अण्णाने नेहमीचं विचारलं, "चूल काय म्हणती?"

"चूल पहाटंपासनं पेटंल."

"मग पेटती ठेव. तुझी चूल चालू हाय तोवर इथली वीट हलायची नाय. माझा शब्द."

हे वरच्या मजल्यावर ऐकू गेलं, शेजारी ऐकू गेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीत उरलेल्या प्रत्येक घराने चूल पेटवली. ज्यांनी सामान बांधून ठेवलं होतं त्यांनी शेगड्या परत सोडल्या. कुणी घर रिकामं केलं नाही. का करावं? अण्णाचा शब्द होता.

सकाळी उन्हं बोळात आली तेव्हा अण्णा इमारतीच्या दरवाजाशी उकिडवा बसलेला होता. घण शेजारी. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज. पथक बाहेर, पोलीस बाहेर. पण या वेळी पाडण्याचं काम ठेकेदाराला दिलेलं होतं, आणि त्याचं पोकलेन मशीन पलीकडच्या प्लॉटवर उभं होतं. मशीन चालवणारा परगावचा. त्याने अण्णाचं नावही ऐकलेलं नव्हतं. चुलीचा नियम कुठल्या आदेशात नव्हता, तो अण्णाच्या तोंडात होता, आणि अण्णा इमारतीच्या या बाजूला बसला होता. मागून सुरू करा, असं कुणीतरी फोनवर सांगितलं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी शटर वर करत होतो. पायाखालची जमीन हलली आणि दुकानातली सगळी भांडी एकदम वाजली. मग दुसरा आवाज आला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. सिलिंडर फुटला होता. नंतर आणखी एक.

अण्णा पलीकडे धावला. बोळाच्या टोकाला वळसा घालून मीही गेलो. मशीनचा पंजा यमुनाबाईच्या खोलीच्या भिंतीत घुसलेला, वरचा स्लॅब लोंबत होता आणि आतून आग बाहेर येत होती. ड्रायव्हर केबिनमध्ये गोठून बसला होता. अण्णाने त्याला पायाला धरून खाली ओढला आणि तोंडावर एकच ठोसा मारला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या बिचाऱ्याची काय चूक होती? पण त्या क्षणी त्याच्या हातात घण असता तर ड्रायव्हर जिवंत राहिला नसता, एवढं मी खात्रीने सांगतो.

जिना लाकडी, तो पेटला होता. स्फोटाने दरवाज्याकडची बाजूही खचली होती. माणसं आतल्या अंगाला, म्हणजे आमच्या भिंतीकडे कोंडली गेली होती. आमच्या दुकानाची मागची भिंत आणि इमारतीची भिंत एकच. पलीकडून ती हातांनी बडवत होती. अण्णा घण घेऊन आमच्या दुकानात शिरला. वाटेतल्या हंड्या-कळशा त्याने लाथेने उडवल्या.

"शेठ, भिंत पाडतोय," एवढं म्हणाला.

मी काही म्हणालो का, आठवत नाही. वडील म्हणाले, "पाड." त्याने भिंतीला कान लावला, पलीकडच्यांना ओरडून बाजूला व्हायला सांगितलं आणि मारायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मी त्याला असंख्य वेळा घण मारताना पाहिलं होतं. तसा कधी पाहिला नव्हता. तो रडत मारत होता. भिंतीला भोक पडलं, मोठं झालं, आणि त्यातून धुराबरोबर माणसं यायला लागली. केस जळालेली, पोरं छातीशी धरलेली, खोकत, आमच्या भांड्यांवर पडत. ती सगळी आमच्या दुकानातून, पायरी नसलेल्या दारातून रस्त्यावर गेली.

यमुनाबाई त्यांत नव्हती. अण्णा भोकातून आत गेला. बाहेर आला तेव्हा ती त्याच्या हातांवर होती आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळत होते. आम्ही गोणपाट टाकलं, तेच, घणाचं ओलं गोणपाट. तिचं अंग कुठे धरावं हे कळत नव्हतं. रिक्षात ठेवताना तिने डोळे उघडले आणि अण्णाकडे बघून म्हणाली, "चूल चालूच व्हती, अण्णा."

तक्रारीच्या सुरात नाही. त्याला माहीत नसेल म्हणून सांगावं, तसं.

काही दिवसांनी ती दवाखान्यातच गेली. तुळशीरामने अण्णाला दवाखान्याच्या फाटकासमोर मारलं. हमालाचे हात ते. अण्णाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, पण त्या नसत्या तरी त्याने हात उचलला नसता. तो उभा राहून मार खात होता, पडला की उठून पुन्हा समोर जात होता. शेवटी बाकीच्या हमालांनी तुळशीरामला ओढून नेलं. अण्णाच्या तोंडून त्या दिवशी एकही शिवी बाहेर पडली नाही.

चौकशी झाली. आम्ही गल्लीवाल्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, मशीन मागून आलं, न विचारता आलं. अण्णा सहज सुटला असता. पण साहेबांनी विचारलं, लोकांना आत थांबायला आणि गॅस चालू ठेवायला कुणी सांगितलं. तो म्हणाला, "मी." पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "मीच सांगितलं. चूल विझवली असती तर वाचली असती." त्याची नोकरी गेली. ठेकेदाराला दुसरं काम मिळालं. मला त्या लोकांचा आजही संताप येतो. अण्णाचा येतो की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही.

आता तिथे उंच इमारत झाली आहे. खाली दुकानं, वर मजल्यांवर मजले, बाजाराला गर्दीही वाढली. अण्णा म्हणायचा ते खरं झालं, गाव वर गेलं. शिवारातही गेलंच. आमची मागची भिंत नवी बांधली. पोचा पडलेली परात तिच्यावर टांगली आहे. गिऱ्हाईक विचारतात, मी विकत नाही.

त्याला शेवटचं पाहिलं ते पेठ रोडच्या पुढे. एका मंगल कार्यालयात समया पोचवून मी परत येत होतो. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि पथक आलेलं होतं. पथकात आता नवी माणसं, पण घणवाला अण्णाच्या हाताखाली तयार झालेला. त्याने पहिल्या खोलीच्या दारात उभं राहून हाक घातली, "चूल काय म्हणती?" आतून बाई म्हणाली, "भाकरी चाललीय, दादा." तो घण ठेवून उकिडवा बसला. अण्णाची नोकरी गेली, पण रीत मागे राहिली होती.

तेवढ्यात एक मोपेड येऊन थांबली आणि मागच्या सीटवरून एकजण उतरला. अण्णा. पाठ वाकलेली, हातांची बोटं जळून एकमेकांना चिकटलेली. मनगटात बादली अडकवलेली होती. पथकाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाट दिली, हे त्यांना नवं नव्हतं. पुढे कळलं, पथक जाईल तिथे हा आधी जातो, नाहीतर मागून गाठतो. तो सरळ आत शिरला आणि त्याने बादलीभर पाणी चुलीवर ओतलं. फस्सकन वाफ उठली, राख उडाली. बाईने किंकाळी फोडली, हातातली फुंकणी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. एकदा, दोनदा, मग किती वेळा कोण जाणे. रक्त कानामागून मानेवर आलं. शेजारच्या खोल्यांतून बाया धावल्या, त्यांनीही मारलं.

"मुडद्या, तुझी चूल विझवली व्हती का कुणी?" ती ओरडत होती.

"नाय विझवली, बाई," अण्णा त्या बारीक आवाजात म्हणाला. "तिथंच चुकलं."

मग तो मार खातच पुढच्या खोलीत गेला, तिथल्या शेगडीची चावी मनगटाने फिरवून बंद केली, मग त्याच्या पुढच्या. शेवटी बाहेर येऊन घणवाल्याला म्हणाला, "सगळ्या विझल्या. माणसं बाहेर काढ अन् मग हात लाव. इथनं पुढं चुलीला विचारत जाऊ नको."

पहिल्या खोलीतला तवा कुणीतरी रागाने बाहेर भिरकावला होता. त्यावरची भाकरी मातीत पडली होती. अण्णा खाली बसला, दोन मनगटांत धरून त्याने ती उचलली आणि गुडघ्यावर झटकली. मी जवळ गेलो. त्याने मला ओळखलं.

"अण्णा," मी म्हणालो, "कच्ची आहे ती."

"एका बाजूनं भाजली हाय, शेठ," तो म्हणाला आणि खाऊ लागला.